निजलेली बाई आणि तिच्या पायाशी धुमसणारा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

मेक्सिको सिटीच्या आग्नेयेला साधारण ७० किलोमीटरवर इस्ताक्सीवात्ल आणि पोपोकातेपेत्ल हे दोन ज्वालामुखी शेजारी-शेजारी उभे आहेत. मागच्या अंकात त्यांचे छायाचित्र छापले होते आणि खाली 'प्रेमकथेचे डोंगर' एवढीच ओळ होती. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरे.

ही नावे उच्चारायची कशी? आणि त्यांचा अर्थ काय? (वाचक, ठाणे)

दोन्ही नावे नाहुआत्ल भाषेतली आहेत. अझ्टेक लोकांची ही भाषा आजही मध्य मेक्सिकोत बोलली जाते. 'इस्ताक' म्हणजे पांढरा, 'सीवात्ल' म्हणजे बाई. 'पोपोका' म्हणजे धूर सोडतो, 'तेपेत्ल' म्हणजे डोंगर. म्हणजे पांढरी बाई आणि धुमसता डोंगर. शेवटचा 'त्ल' एका दमात, हलकेच म्हणायचा. त्याचा 'तल' केला की नाव बिघडते. जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो: एकात 'सी'वर, दुसऱ्यात 'पे'च्या आधीच्या 'ते'वर. एवढे जमले नाही तरी अडत नाही, कारण तिथले लोक रोजच्या बोलण्यात 'इस्ता' आणि 'पोपो' असेच म्हणतात. इस्ताला स्पॅनिशमध्ये 'ला मुहेर दोर्मिदा', म्हणजे निजलेली बाई, असेही म्हणतात.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा: मूळ नावांत प्रेमाचा उल्लेख कुठेच नाही. एक बर्फाने पांढरी दिसते, दुसरा धूर सोडतो. पाहणाऱ्याने जे पाहिले त्याला नाव दिले.

दंतकथा नेमकी कोणती खरी? मला तीन ठिकाणी तीन कथा वाचायला मिळाल्या. (वाचक, नागपूर)

तिन्ही चालतात, कारण एकच एक प्रमाण पाठ नाही. गाभा मात्र सगळीकडे सारखा आहे. इस्ता ही सरदाराची किंवा राजाची मुलगी, पोपोका हा योद्धा. दोघांचे प्रेम असते. बाप अट घालतो: लढाई जिंकून ये, मग लग्न लावतो. तो लढाईवर असताना तो मेल्याची बातमी येते आणि ती दुःखाने प्राण सोडते. तो जिंकून परततो, तिचा देह उचलून डोंगरावर नेतो, तिला निजवतो आणि हातात पेटती मशाल घेऊन शेजारी बसतो. दोघांवर बर्फ पडते आणि त्यांचे डोंगर होतात. पोपोमधून निघणारा धूर हा त्या मशालीचा.

फरक तपशिलात आहेत. एका पाठात मुलगी अझ्टेकांच्या शेजारच्या त्लास्काला राज्यातली असते आणि लढाई खंडणी मागणाऱ्या अझ्टेकांशी होते. दुसऱ्यात बाप स्वतःच अझ्टेक राजा असतो आणि पोराला मुद्दाम दूर ओआहाकाच्या लढाईवर पाठवतो, परत येऊ नये म्हणून. कुठे खोटी बातमी मत्सरी प्रतिस्पर्धी आणतो, कुठे बापच पसरवतो. त्लास्कालाचा पाठ सांगणारा माणूस बहुधा त्लास्कालाच्या बाजूचा असतो, हे ऐकताना ध्यानात असू द्या.

पण ही कथा खरोखर अझ्टेक काळातली आहे का? (वाचक, कोल्हापूर)

आज जशी सांगतात तशी, युद्ध, खोटी बातमी आणि मशालीसकट, ती जुन्या नोंदींत सापडत नाही. जुन्या नोंदींत जे आहे ते आम्हाला त्याहून मोलाचे वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१६ व्या शतकात डिएगो दुरान या धर्मगुरूने इस्ताक्सीवात्लच्या पूजेचे वर्णन केले आहे. तिथे ती कुणाची प्रेयसी नाही, देवी आहे. तेनोच्तित्लानमध्ये, म्हणजे आजच्या मेक्सिको सिटीच्या जागी, तिची मूर्ती होती आणि डोंगरावरच्या गुहेत तिचे ठाणे होते. त्याच शतकातला त्लास्कालाचा इतिहासकार डिएगो मुन्योस कामार्गो लिहितो की लोक या दोन डोंगरांना नवरा-बायको मानत. म्हणजे जोडी जुनीच आहे. नवी आहे ती ताटातूट.

त्या पूजेमागे पाणी आहे. ढग या डोंगरांवर अडतात, पाऊस तिथून खाली येतो आणि दोन्ही बाजूंच्या खोऱ्यांची शेती त्यावर चालते. इस्ताच्या उतारावर सुमारे ३,८७० मीटर उंचीवर नावालाक नावाचे ठिकाण आहे. एका उथळ तळ्याच्या मध्ये दगडांचे छोटे देवस्थान आणि आसपास पाऊसदेव त्लालोकशी जोडलेली मातीची भांडी तिथे मिळाली. अशा जागी खापराचा तुकडा दिसला तर उचलू नका. तो जिथे पडला आहे त्या जागेवरूनच पुरातत्त्वज्ञांना त्याचा अर्थ लागतो, खिशात गेला की तो नुसता खापराचा तुकडा उरतो.

प्रेमकथेचे आजचे रूप घराघरांत पोचवले ते विसाव्या शतकातल्या कॅलेंडरांनी. चित्रकार हेसुस एल्गेरा यांनी रंगवलेले, पिसांचा मुकुट घातलेला योद्धा आणि त्याच्यापुढे निपचित पडलेली राजकन्या हे चित्र मेक्सिकोतल्या दुकानांत, हॉटेलांत आणि गाड्यांवर अजून दिसते. आपल्याकडे रविवर्म्याच्या छापील चित्रांनी देवादिकांचे चेहरे ठरवून टाकले, तसेच काहीसे हे.

छायाचित्रात मला बाई दिसलीच नाही. डोके कुठे, पाय कुठे? (वाचक, रत्नागिरी)

चूक तुमची नाही, ते छायाचित्र दक्षिणेकडून घेतलेले होते. दक्षिणेकडून पाहिले की तुम्ही बाईच्या पायांच्या बाजूने बघता आणि सगळी शिखरे एकामागे एक दडतात. आकार दिसायला पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून पाहावे लागते.

ती उत्तर-दक्षिण पसरली आहे. डोके उत्तरेला, पाय दक्षिणेला. पश्चिमेकडून, म्हणजे मेक्सिको सिटी किंवा आमेकामेका गावातून पाहताना डोके डाव्या हाताला येते. डावीकडून उजवीकडे डोळा फिरवा: आधी वेगळा उठलेला कपाळ-नाकाचा उंचवटा, मग मानेची खोलगट खिंड, मग सर्वांत उंच छाती, मग पोटाचा लांब सपाट भाग, गुडघ्यांचा छोटा उठाव आणि शेवटी उतरत गेलेले पाय. त्याच्याही उजवीकडे एकटा, सुबक शंकूसारखा पोपो. पुएब्ला शहराकडून, म्हणजे पूर्वेकडून पाहिले तर हेच उलटे: डोके उजवीकडे, पोपो डावीकडे. बहुतेकांचा घोळ इथे होतो. पश्चिमेकडचे चित्र मनात धरून पुएब्लात उभे राहायचे आणि पायांत नाक शोधायचे.

वेळ आणि ऋतू यांवर निम्मे यश अवलंबून आहे. नोव्हेंबर ते मार्च हा कोरडा काळ निवडा. मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळा असतो आणि दुपारपर्यंत डोंगर ढगात जातो. कोरड्या दिवसांतही मेक्सिको सिटीवर धुरकट थर साचतो, त्यामुळे शहरातून डोंगर रोज दिसेल असे धरू नका. रात्री पाऊस पडून गेला किंवा वारा सुटला तर दुसऱ्या सकाळी उठून बघाच.

पश्चिमेकडून पहाटे सूर्य डोंगरामागून येतो. अंगावरचा तपशील दिसत नाही, पण काळी बाह्यरेषा इतकी स्वच्छ उमटते की बाई ओळखायला कुणाला सांगावे लागत नाही. फोटो काढताना एक्स्पोजर आकाशावर धरा, डोंगर काळा येऊ द्या. कॅमेऱ्याला आपोआप ठरवू दिले तर तो डोंगर उजळवायला जातो, आकाश पांढरे फट्ट होते आणि रेषाच हरवते. अंगावरचे खडक आणि उरलेले बर्फ पाहायचे असेल तर सकाळी पुएब्लाकडे असा, ऊन समोरून पडते. चोलुला गावात महापिरॅमिडवर चर्च आहे आणि त्यामागे पोपो. तो प्रसिद्ध फोटो सकाळचाच.

पोपोवर चढता येते का? (वाचक, पुणे)

नाही. २१ डिसेंबर १९९४ रोजी तो पुन्हा जागा झाला आणि तेव्हापासून माथ्याकडची चढाई बंद आहे. विवराभोवती १२ किलोमीटरच्या आत जाण्यास मनाई असते. ३० एप्रिल १९९६ रोजी झालेल्या स्फोटात वर गेलेले पाच गिर्यारोहक मरण पावले. चोरवाटेने नेतो म्हणणारे लोक अजून भेटतात. त्यांच्याबरोबर जाऊ नका. विवरातून तप्त दगड उडतात तेव्हा पळायला वेळ नसतो.

सरकारची इशारा-पद्धत रहदारीच्या दिव्यांसारखी आहे: हिरवा, पिवळा, लाल, आणि प्रत्येकाचे टप्पे. बहुतेक काळ 'पिवळा, टप्पा २' असतो. मे २०२३ मध्ये तो टप्पा ३ वर गेला, राख पडून विमानतळ काही काळ बंद ठेवावे लागले आणि जूनमध्ये पुन्हा टप्पा २ वर आला. तुमच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी हा टप्पा पाहा. तो वाढला तर इस्ताकडे जाणारी खिंडही बंद होऊ शकते. परतीचे विमान चढाईच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नका.

जुन्या चढायांविषयी: १५१९ मध्ये मेक्सिको जिंकायला आलेल्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या सैन्यातला डिएगो दे ओर्दास पोपोवर चढला. राजाने नंतर त्याला धुमसता ज्वालामुखी असलेले मानचिन्ह दिले. काही वर्षांत स्पॅनिश शिपायांनी तोफांच्या दारूसाठी विवरातून गंधकही काढले.

इस्तावर चढायचे आहे. सह्याद्रीतला दहा-बारा वर्षांचा अनुभव पुरेल का? (वाचक, नाशिक)

पाय पुरतील, फुप्फुसांना वेळ द्यावा लागेल. कळसूबाई १,६४६ मीटर; नुसते मेक्सिको सिटी शहरच २,२४० मीटरवर आहे. इस्ताचा माथा ५,२३० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जेमतेम जास्त असतो. घसारा, कातळ आणि धार यांची सवय असलेल्या सह्याद्रीकराला वाट अवघड वाटत नाही, आणि नेमके त्यामुळेच तो वेगाने चढतो आणि आजारी पडतो.

आधी सवय करून घ्या. शहरात दोन-तीन रात्री. मग ला मालिन्चे (४,४६१ मीटर) किंवा नेवादो दे तोलुका (४,६८० मीटर) यांपैकी एकावर दिवसभराची चढाई करून खाली या. मग एक रात्र आमेकामेकात, साधारण २,४०० मीटरवर, आणि त्यानंतरची रात्र आल्त्सोमोनीच्या निवाऱ्यात, ४,००० मीटरच्या जवळपास. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा सर्वसाधारण नियम आहे. इथे खिंडीपर्यंत गाडी जात असल्याने तो पाळणे कठीण जाते, म्हणून आधीच्या सरावचढाईला एवढे महत्त्व. आल्त्सोमोनीत एकाऐवजी दोन रात्री काढल्या तर फारच चांगले.

आमेकामेकाहून पासो दे कोर्तेस ही खिंड सुमारे २४ किलोमीटर, पक्का रस्ता, उंची ३,६०० ते ३,७०० मीटर. राष्ट्रीय उद्यानाचा परवाना घेऊन हातावर पट्टी बांधून मिळते. ती उतरेपर्यंत काढू नका. खिंडीपासून ला होयापर्यंत सात-आठ किलोमीटर कच्चा रस्ता. चालणे ला होयाला, ४,००० मीटरला थोडे कमी, तिथून सुरू होते.

इथून पुढे दंतकथाच नकाशा होते. बाईच्या पायांकडून तुम्ही छातीकडे जाता आणि वाटेवरच्या टप्प्यांना त्याच अवयवांची स्पॅनिश नावे आहेत. आधी 'पोर्तियो' म्हणजे लहान खिंडी लागतात. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या अशा मोजत जा. अंधारात आपण कुठे आहोत हे कळायला त्यांचाच उपयोग. मग ४,७०० मीटरच्या पुढे रेफुहियो दे लोस सिएन हा पत्र्याचा निवारा. तिथे भरवशाचे पाणी नाही. निवाऱ्यानंतर घसाऱ्याची खडी चढण गुडघ्यांकडे नेते. त्याला 'रोदियास' म्हणतात. सगळ्या वाटेतली सर्वांत दमवणारी जागा हीच: एक पाऊल वर, अर्धे खाली. चढताना घसाऱ्याच्या मधोमध न जाता कडेच्या कातळाला धरून जा, उतरताना मात्र मऊ घसारा वापरा. वर-खाली माणसे असताना दगड सुटतात, म्हणून इथे हेल्मेट डोक्यावर हवेच.

गुडघ्यांवर पोचल्यावर अनेकांना वाटते संपले. संपलेले नसते. पुढे 'आरिस्ता देल सोल', सूर्याची धार. ती उंचवट्यांवरून चढ-उतार करत 'बारिगा' म्हणजे पोटावरच्या उरल्यासुरल्या हिमनदीकडे जाते, ती ओलांडून पुन्हा फसवी शिखरे, आणि मग 'पेचो', छाती, हा खरा माथा. उंचीतला निव्वळ फरक १,२५० मीटर असला तरी या चढ-उतारांमुळे प्रत्यक्ष चढ जास्त होतो. आणि परततानाही तेच उंचवटे पुन्हा चढावे लागतात. लोक चढण्यात सगळी ताकद खर्च करतात आणि इथे कोसळतात. ला होयाहून जाऊन-येऊन १० ते १४ तास धरा.

निघा रात्री एक ते तीनच्या दरम्यान. दुपारी बाराला जिथे असाल तिथून, माथा समोर दिसत असला तरी, परत फिरा. ढग तोवर वर आलेले असतात आणि धारेवर धुके उतरले की पोट आणि गुडघ्यांच्या मधे वाट चुकते. डावी-उजवीकडे उतरलेल्या घळी थेट कड्यावर नेतात. पावसाळी महिन्यांत विजांचा धोका वेगळाच. जाताना जीपीएसवर वाट नोंदवून ठेवा आणि परतताना तीच धरा.

सामान: माणशी तीन ते चार लिटर पाणी. बाटली उलटी ठेवा, म्हणजे गोठलेले बर्फ तोंडाशी येत नाही. बर्फकुदळ आणि क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे), हेल्मेट, हेडटॉर्च आणि तिच्या जादा बॅटऱ्या, हातमोज्यांचे दोन जोड, वारा अडवणारे जाकीट. हिवाळ्यात रात्री तापमान शून्याखाली ५ ते १० अंश जाऊ शकते. हिमनदीच्या भागासाठी दोर आणि जाणकार वाटाड्या घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे ही विरळ हवेच्या त्रासाची सुरुवात. एवढेच असेल तर थांबा, आणखी वर जाऊ नका. पावले लटपटायला लागली, बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला किंवा बोलणे असंबद्ध झाले तर त्या क्षणी खाली निघा, रात्र असो की दिवस. एकट्याला पाठवू नका. अॅसिटाझोलामाइड हे औषध उपयोगी पडते, पण डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी आधी तसे सांगावे. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर्ज्य.

भारतीय पासपोर्ट असलेल्या आणि वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या वाचकांना मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा सहसा लागत नाही. नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून खात्री करा.

'पांढरी बाई' अजून पांढरी आहे का? (वाचक, औरंगाबाद)

कमी-कमी होत चालली आहे. पोटाच्या भागातली आयोलोको ही हिमनदी संपल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले आणि २०२१ मध्ये तिच्या जागी स्मृतिफलक बसवला. आयोलोको म्हणजे 'पाण्याच्या हृदयाशी'. उरलेल्या हिमनद्याही आक्रसत आहेत. थंडीत नवे हिम पडले की दुरून ती पुन्हा पांढरी दिसते, पण ते आठवडाभराचे पांघरूण असते.

गिर्यारोहकासाठी याचा अर्थ व्यावहारिक आहे. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकात जिथे 'बर्फावरून सरळ चढा' लिहिले आहे तिथे आज सुटे दगड आहेत. बर्फाने धरून ठेवलेले दगड मोकळे झाले, त्यामुळे दुपारच्या उन्हात दरड कोसळण्याचे प्रमाण वाढले. जुनी वर्णने वाचा जरूर, पण चालताना ताजी माहिती धरा.

आपल्याकडे अशी डोंगरांची जोडी आहे का? (वाचक, डोंबिवली)

तुमच्या घराजवळच आहे. आसनगावजवळच्या माहुली किल्ल्याच्या बाजूचे सुळके नवरा, नवरी आणि भटोबा या नावांनी ओळखले जातात. इथे ताटातूट नाही, लग्न आहे, आणि भटजीही हजर. पावसाळा संपला की पायथ्याच्या माहुली गावाकडून सकाळच्या उन्हात बघा. सुळक्यांवरची चढाई दोराची आहे, किल्ल्यावरची पायवाट वेगळी.

गावकरी या दोघांना अजून मानतात का? (वाचक, सांगली)

हो. पोपोला ते 'दोन ग्रेगोरियो', लाडाने 'दोन गोयो' म्हणतात. १२ मार्चला, संत ग्रेगोरियोच्या दिवशी, सान्तियागो हालित्सिन्त्ला या पायथ्याच्या गावातले लोक त्याला जेवण, फळे, फुले आणि कपडे घेऊन जातात. इस्ताला 'दोन्या रोसिता' म्हणतात आणि तिचा दिवस ३० ऑगस्ट. पावसाशी बोलणारा, गारपीट वळवणारा जाणता माणूस पूजा सांगतो. त्याला 'तिएम्पेरो' म्हणतात. मागणे एकच असते, वेळेवर पाऊस. हा त्यांचा घरचा विधी आहे. बोलावल्याशिवाय जाऊ नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

सोबत आईवडील आहेत, चढाई जमणार नाही. एका दिवसात काय पाहता येईल? (वाचक, न्यू जर्सी)

मेक्सिको सिटीच्या पूर्वेकडच्या बसस्थानकातून, त्याला 'तापो' म्हणतात, आमेकामेकाची बस घ्या. रहदारीप्रमाणे दीड ते दोन तास लागतात. सहाच्या आत निघा. गावाला लागूनच साक्रोमोन्ते ही टेकडी आहे. वर चर्च आहे, चढ सावकाश चढण्याजोगा आहे आणि वरून दोघेही समोर दिसतात. दहापर्यंत पाहून घ्या. मग गावच्या बाजारात जेवा. पासो दे कोर्तेसपर्यंत टॅक्सीने जायचे तर आधी खिंड उघडी आहे का ते विचारा आणि तिथे तासाभरापेक्षा जास्त थांबू नका. हृदयाचा किंवा श्वासाचा विकार असेल तर खिंडीत न जाता टेकडीवरूनच पाहा. बाई तिथूनच जास्त नीट दिसते.